प्रयोगाचा कर्ता : मराठी शाळेतील पदार्थविज्ञान आणि हाताने शिकण्याची परंपरा

१

मराठीत ‘प्रयोग’ हा शब्द तीन ठिकाणी वावरतो. व्याकरणात कर्ता, कर्म आणि क्रियापद यांच्या परस्परसंबंधास प्रयोग म्हणतात. नाट्यगृहात प्रेक्षकांसमोर जे सादर होते तोही प्रयोगच. आणि प्रयोगशाळेत निसर्गाला प्रश्न विचारून त्याचे उत्तर मोजून घेण्याची जी क्रिया, तिलाही आपण हेच नाव दिले. हे तिन्ही व्यवहार अर्वाचीन मराठीत जवळजवळ एकाच काळी आकारास आले, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ सांगलीत १८४३ साली रंगभूमीवर आणले. आणि पदार्थविज्ञानावरील आरंभीची मराठी पुस्तकेही याच सुमारास मुंबईत तयार होत होती.

प्रस्तुत लेखाचा विषय तिसऱ्या अर्थाचा प्रयोग हा आहे. तथापि शाळेतील पदार्थविज्ञानाचा इतिहास पाहू लागल्यावर असे आढळते की, हा तिसरा प्रयोग कधी नाटकाच्या तर कधी व्याकरणाच्या प्रयोगाकडे झुकत गेला. म्हणून येथे एकच प्रश्न विचारावयाचा आहे : माध्यमिक शाळेतील पदार्थविज्ञानाच्या प्रयोगाचा कर्ता कोण?

हा प्रश्न केवळ तात्त्विक राहू नये यासाठी अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील पाथर्डी तालुका नजरेसमोर ठेवला आहे. जिल्ह्याच्या पूर्वेस बीडच्या सीमेला लागून असलेला हा अवर्षणप्रवण मुलूख. गर्भगिरीच्या डोंगररांगा, मढीची कानिफनाथांची यात्रा व तेथे भरणारा गाढवांचा बाजार, आणि दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कारखान्यांकडे निघणारी कुटुंबे, ही त्याची ओळख. शिक्षणाची परंपराही येथे जुनी आहे. आचार्य आनंदऋषी यांचा जन्म १९०० साली याच तालुक्यातील चिचोंडी येथे झाला, आणि श्री तिलोक जैन ज्ञानप्रसारक मंडळासारखी संस्था स्वातंत्र्यापूर्वीपासून पाथर्डी गावी विद्यादानाचे कार्य करीत आली आहे. मुंबई-पुण्याच्या उपकरणसज्ज शाळांपेक्षा अशा तालुक्यात आमचा प्रश्न अधिक धारदार होतो, असे म्हणावयास हरकत नाही.

२

पदार्थविज्ञान मराठीत आले ते पुस्तकाच्या वाटेने. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८३५ पासून ऑर्लेबार हे सृष्टिविज्ञान शिकवू लागले. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली सुरू केलेल्या ‘दिग्दर्शन’ या मासिकात शास्त्रीय विषयांना स्थान मिळाले. हरि केशवजी पाठारे यांनी १८३० च्या दशकात सिद्धपदार्थविज्ञानावरील संवादरूप पुस्तक मराठीत आणले. पुढे केरो लक्ष्मण छत्रे यांनी शालेय वाचकांसाठी पदार्थविज्ञान लिहिले आणि कोल्हापुरास बाळाजी प्रभाकर मोडक यांनी भौतिक व रासायनिक शास्त्रांवर मराठीत विपुल ग्रंथरचना केली.

या मंडळींचे कार्य मोठे होते. शब्द नसताना त्यांनी शब्द घडविले आणि ज्या भाषेत शास्त्र लिहिले जात नव्हते तीत ते लिहून दाखविले. परंतु त्यांच्या मार्गाचा एक परिणाम दूरवर पोचला. शब्द आधी आले, उपकरणे मागून आली, आणि बहुसंख्य शाळांत ती आलीच नाहीत. ‘पदार्थ’ या शब्दाची फोड ‘पदाचा अर्थ’ अशी करतात. आमच्या शाळांत पदार्थविज्ञान पुष्कळ काळ या व्युत्पत्तीशी प्रामाणिक राहिले. विद्यार्थी पदे पाठ करीत आणि त्यांचे अर्थ सांगत. पदार्थाला हात लावण्याचा प्रसंग क्वचितच येई.

याच काळी अन्यत्र काय घडत होते, हे पाहणे उद्बोधक ठरेल. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने १८८६-८७ च्या सुमारास प्रवेशेच्छू विद्यार्थ्यांसाठी पदार्थविज्ञानाच्या ४० प्रयोगांची यादी प्रसिद्ध केली आणि ते प्रयोग विद्यार्थ्याने स्वतः केलेले असावेत अशी अपेक्षा ठेवली. या एका यादीमुळे तेथील माध्यमिक शाळांना प्रयोगशाळा उभारणे भाग पडले. इंग्लंडात आर्मस्ट्राँग हे विद्यार्थ्याला शोधकाच्या भूमिकेत उभे करण्याचा आग्रह धरीत होते. मुंबई विद्यापीठाची प्रवेश परीक्षा १८५९ पासून होत होती. पण तिचा भर लेखी उत्तरावर राहिला, आणि शाळा परीक्षेच्या मागे चालल्या.

३

विसाव्या शतकात शाळांतून विज्ञानाची खोली आली, भिंतीलगत काचेची कपाटे आली. त्यानंतरचा टप्पा मात्र नाट्यप्रयोगाचा होता. मास्तर मंचावर, विद्यार्थी बाकांवर. घंटेचा आवाज निर्वात पात्रात विरत जातो. तापविलेला गोळा कड्यातून जात नाही. लोलकातून पांढऱ्या प्रकाशाचे सात रंग होतात. पाहणाऱ्याला आनंद होतो, आणि तो आनंद खोटा नसतो. किंबहुना अनेक उत्तम शिक्षकांनी या एका उपकरणावर पिढ्यान्‌पिढ्यांची जिज्ञासा जागी ठेवली. पण प्रेक्षक हा कर्ता नव्हे. गोळ्याची उष्णता ज्याच्या बोटांना जाणवली नाही आणि कोन मोजताना ज्याचा हात हलला नाही, त्याला चूक कशी होते हे कळत नाही. आणि पदार्थविज्ञानात चुकीचे माप घेणे हा अर्ध्याहून अधिक अभ्यास आहे.

प्रेक्षकाला कर्ता करण्याचे विचार महाराष्ट्राच्या भूमीवरही झाले. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम पुढे आली. हस्तोद्योगाच्या द्वारे सर्व विषय शिकवावेत, हा तिचा गाभा. टकळीच्या फिरण्यात गती आहे, पीळ आहे, घर्षण आहे. तथापि ही योजना बहुतेक ठिकाणी सुताच्या मोजमापावर थांबली, तिच्यातून शास्त्राकडे जाणारी वाट फारशी रुळली नाही. १९५२-५३ च्या माध्यमिक शिक्षण आयोगाने सामान्य विज्ञानाला अभ्यासक्रमात स्थान दिले. १९५६ साली युनेस्कोने विज्ञान शिक्षकांसाठी साधनग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे मूळ युद्धात उद्ध्वस्त झालेल्या देशांतील शिक्षकांसाठी लिहिलेल्या एका पुस्तिकेत होते. प्रयोगशाळा नसेल तेथे डबे, बाटल्या, तार व दोरी यांतून ती कशी उभी करावी, हे त्या ग्रंथाने जगाला शिकविले. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने पहिल्या दहा वर्षांच्या शिक्षणात विज्ञान व गणित सर्वांना अनिवार्य असावे, अशी शिफारस केली. विचारांची उणीव नव्हती. प्रश्न वर्गातील हाताचा होता.

४

पुढे प्रात्यक्षिकाला गुण मिळू लागले. आजच्या रचनेत दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान या विषयाच्या १०० गुणांपैकी २० गुण प्रात्यक्षिकासाठी आहेत. हे पाऊल योग्यच होते. परंतु गुणांबरोबर प्रयोगवही आली, आणि येथे नाट्यप्रयोगाची जागा व्याकरणातील प्रयोगाने घेतली. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला या वहीकडे दुर्लक्ष करता येणार नाही.

पाठ्यपुस्तकातील कृती आज्ञार्थात असते : ‘चंचुपात्रात पाणी घ्या.’ या वाक्याचा कर्ता ‘तुम्ही’ हा विद्यार्थी आहे, आणि क्रियापदाच्या रूपातून तो स्पष्ट ऐकू येतो. विद्यार्थी तेच वाक्य वहीत उतरवितो तेव्हा ते होते : ‘चंचुपात्रात पाणी घेतले.’ मराठीच्या भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्त्याला सोडून कर्माशी जुळते. ‘मी पाणी घेतले’, ‘तिने पाणी घेतले’, ‘सरांनी पाणी घेतले’ या तिन्ही वाक्यांत क्रियापद एकच आहे. कर्तृपद गाळले की पाणी कोणी घेतले याचा मागमूसही राहत नाही. वर्तमानकाळात ‘मी पाणी घेतो’ किंवा ‘मी पाणी घेते’ असे म्हटले असते तर पुरुष कळला असता, लिंगही कळले असते. भूतकाळात प्रयोग करणारी मुलगीही त्या वाक्यातून नाहीशी होते. केवळ द्वितीय पुरुषात, ‘तू पाणी घेतलेस’ या रूपात, कर्त्याची एक ‘स’कारी खूण शिल्लक उरते; पण वहीला ‘तू’ म्हणणारा कोणी नसतो.

यावर असा आक्षेप येईल की, शास्त्रीय लेखनात कर्ता गौण असणे हे वस्तुनिष्ठतेचे लक्षण आहे. आक्षेप विचारार्ह आहे. परंतु संशोधकाच्या निबंधात कर्ता वाक्यातून गाळला तरी शीर्षकाखाली तो आपल्या नावाने उभा असतो, आणि कोणी विचारल्यास प्रयोग पुन्हा करून दाखविण्यास तो बांधलेला असतो. शालेय प्रयोगवहीचे तसे नाही. एका वहीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी उतरविता येते, आणि तिन्ही वह्यांतील व्याकरण सारखेच निर्दोष असते. दोष मराठीच्या कर्मणी प्रयोगाचा नव्हे. त्याने जी सवलत दिली ती आपण कोणत्या कामी वापरली, हा प्रश्न आहे.

साध्या दोलकाचे उदाहरण घ्यावे. सुमारे एक मीटर लांब सुतळीला दगड बांधून हलका झोका दिला तर २० आंदोलनांस जवळजवळ ४० सेकंद लागतात. सुतळी पाव मीटर केली तर जवळजवळ २० सेकंद. लांबी चौपट केली असता आंदोलनकाळ दुप्पट होतो, हा नियम सुतळी, दगड आणि एक घड्याळ यांवर कोणत्याही खेड्यात पडताळता येतो. ज्याने तो खरोखर पडताळला त्याच्या वहीत ३९, ४१, ४० असे आकडे येतात, आणि त्यांवरून काढलेले गुरुत्वत्वरण ९.८ च्या थोडे अलीकडे-पलीकडे पडते. ज्याने पडताळले नाही त्याच्या वहीत नेमके ९.८ येते. परीक्षकाने कोणत्या वहीला अधिक गुण द्यावेत? आजवर नेमक्या आकड्याला गुण मिळत आले असतील, तर विद्यार्थ्याला आपण पदार्थविज्ञानाऐवजी दुसरेच काही शिकविले, असे म्हणावे लागेल.

५

कर्ता परत आणण्याचे जे गंभीर प्रयत्न झाले, त्यांपैकी तिहींचा निर्देश येथे अवश्य आहे.

पहिला मराठी मुलखाच्या सीमेपलीकडचा, पण मुंबईशी निगडित असा. १९७२ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १६ माध्यमिक शाळांत (इयत्ता सहावी ते आठवी) विज्ञान शिक्षणाचा एक उपक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या त्यामागील संस्था होत्या, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील वैज्ञानिकांचे साहाय्य त्यास लाभले. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकांत निष्कर्ष छापलेले नसत. विद्यार्थ्याने प्रयोग करून ते स्वतः लिहावयाचे असत. परीक्षा पुस्तक उघडे ठेवून होई, आणि प्रात्यक्षिकाची परीक्षा वेगळी असे. उपक्रम पुढे जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत पसरला आणि २००२ साली शासनाच्या निर्णयाने बंद झाला. या उपक्रमात सहभागी झालेले अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या व सायकलची व्हॉल्व्ह-नळी यांतून घडविलेली साधने पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेमार्फत मराठी मुलांपर्यंत पोचली.

दुसरा प्रयत्न भाषाशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. १९७४ साली मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची स्थापना झाली, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत काम केले. केंद्राचे संस्थापक-संचालक व्ही. जी. कुलकर्णी व त्यांचे सहकारी यांच्या असे ध्यानी आले की, विद्यार्थ्याची अडचण विज्ञानाइतकीच पाठ्यपुस्तकाच्या भाषेची आहे. मजकूर सोप्या, मुलांच्या परिचयाच्या मराठीत लिहिल्यावर त्यांच्या कामगिरीत लक्षणीय सुधारणा दिसून आली. ज्या मुलांना आपण विज्ञानात कच्ची ठरविले होते, ती प्रत्यक्षात एका अनोळखी मराठीत अडखळत होती. आपल्या विद्याशाखेने या निष्कर्षाकडे जितके लक्ष द्यावयास हवे होते तितके दिले नाही, हे मान्य केले पाहिजे.

त्या अनोळखी मराठीचे स्वरूप पाहावे. पाठ्यपुस्तक ज्याला ‘बल’ म्हणते त्याला मराठी विश्वकोश ‘प्रेरणा’ म्हणतो. पुस्तकातील ‘जडत्व’ विश्वकोशात ‘निरूढी’ आहे. प्रकाशकिरण माध्यम बदलताना वळतो, त्या एका घटनेला पूर्वी ‘वक्रीभवन’ म्हणत, आज पाठ्यपुस्तकात ‘अपवर्तन’ म्हणतात आणि विश्वकोशात ‘प्रणमन’. किरण एकदाच वळला. संज्ञा तीनदा वळली. यांतील प्रत्येक संज्ञेमागे विद्वानांचे परिश्रम आहेत. परंतु त्या पानावर घडल्या. भिंग हातात धरणाऱ्याने घडविल्या असत्या तर त्यांचे रूप निराळे झाले असते.

तिसरा प्रयत्न पाबळचा. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील या कोरडवाहू गावी डॉ. श्री. श. कलबाग (१९२८-२००३) यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापिला. अमेरिकेत डॉक्टरेट मिळवून व उद्योगक्षेत्रातील संशोधनात दीर्घकाळ काम करून ते खेड्यात आले. माध्यमिक शाळेतील मुलांनी आठवड्यातील ठराविक वेळ अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य या चार अंगांत प्रत्यक्ष काम करावे आणि त्या कामाचा गावाला उपयोग व्हावा, अशी त्यांची योजना होती. राज्य मंडळाने या अभ्यासक्रमास मान्यता दिली. आश्रमाने भूजल शोधण्यासाठी अल्प किमतीचे रोधमापक उपकरण तयार केले. जमिनीत दोन सळयांतून विद्युतप्रवाह सोडावयाचा, मधल्या दोन सळयांत विभवांतर मोजावयाचे, आणि सळयांतील अंतर वाढवीत नेऊन खालच्या थरांच्या रोधकतेचा अंदाज घ्यावयाचा, हे त्यामागील तत्त्व. पाणी धरून असलेला झिजलेला खडक आणि कोरडा अखंड पाषाण यांच्या रोधकतेत मोठा फरक असतो. ओहमचा नियम येथे विहीर कोठे खणावी या प्रश्नाला भिडतो. चूक झाल्यास तिची किंमत शेतकऱ्याला मोजावी लागते, म्हणून येथे वही उतरविता येत नाही.

६

आता पाथर्डीकडे वळू. पाबळच्या मुलाला जो प्रश्न होता तोच येथेही आहे, पाण्याचा. आणि हाताने मिळविलेले ज्ञानही येथे उदंड आहे. पूर्वी विहिरीवर मोट चाले तेव्हा बैल धावेच्या उतारावरून खाली जात व मोट वर येई. बैलांचे वजनच कामाला लागे. बैलगाडीत ओझे मागे अधिक झाले तर गाडी ‘उलाळ’ होते, हे गाडीवानाच्या पोराला उपजत कळते. पुस्तकात त्यालाच बलाचा आघूर्ण म्हणतात. बाजारातील तागडीची दोन पारडी मोकळी असताना सारखी राहत नसतील तर हलक्या बाजूस ‘पासंग’ घालतात. प्रयोगशाळेत त्याचे नाव शून्यांक त्रुटी. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारा मजूर उतरणीचे तत्त्व मानेने जाणतो.

‘उचल’ या शब्दाचा विचार तर मनास चटका लावणारा आहे. ऊसतोडीच्या व्यवहारात उचल म्हणजे मुकादमाकडून हंगामापूर्वी घेतलेली आगाऊ रक्कम. नवरा-बायकोची जोडी तेथे ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाते. पदार्थविज्ञानात ओझे उचलणे म्हणजे कार्य करणे. पण येथे ओझे उचलण्याच्या आधी उचल घेतलेली असते, आणि त्या उचलीपायी कुटुंबाला गाव सोडावे लागते. हंगाम साधारणतः दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. शाळेचे दुसरे सत्र हेच, आणि प्रात्यक्षिके व त्यांची परीक्षाही याच महिन्यांत. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुले मागे राहू शकतात. सर्वच राहतात असे नाही. ज्या मुलाच्या हातात तरफ, उतरण आणि समतोल यांचे सर्वाधिक ज्ञान आहे, नेमके तेच मूल प्रयोगाच्या दिवसांत फडावर असते. परत आल्यावर त्याला कोणाची तरी वही उतरवावयास मिळते : ‘चंचुपात्रात पाणी घेतले.’ ते वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे. त्याच्या बाबतीत ते असत्य आहे.

७

या विवेचनातून भाषेच्या अभ्यासकांवर काही कर्तव्ये येतात, असे मला वाटते. पाथर्डीसारख्या तालुक्यातील धंद्यांचे शब्द, म्हणजे उलाळ, पासंग, धाव, टेकू, पहार, पाचर, हे बोलींच्या सर्वेक्षणात केवळ कोशाची भर म्हणून न नोंदविता, ते पदार्थविज्ञानाच्या कोणत्या कल्पनेशी जुळतात याचीही नोंद व्हावी. शून्यांक त्रुटी हा शब्द शिकविण्यापूर्वी शिक्षकाने पासंगाचा प्रश्न विचारला, तर संज्ञा परकी राहणार नाही. संज्ञा बदलण्याचा आग्रह येथे नाही. संज्ञेपर्यंत जाण्याची पायरी हवी आहे.

प्रयोगवहीचे व्याकरणही बदलता येईल. ‘मी सुतळी एक मीटर घेतली, पहिल्या खेपेस मोजताना चुकलो, म्हणून पुन्हा मोजले’ हे वाक्य शास्त्रीय नाही असे कोणी म्हणू नये. त्यात कर्ता आहे, माप आहे आणि चुकीची कबुली आहे. ‘चुकलो’ या अकर्मक क्रियापदात तर मराठीने कर्त्याला पुरुषासह, लिंगासह जपून ठेवले आहे. मुलगी तेथे ‘चुकले’ असेच लिहील. चूक मान्य करणाऱ्या वाक्यात मराठी कर्त्याला लपू देत नाही, हे ध्यानी घेण्यासारखे आहे.

परीक्षा-मंडळे आणि अभ्यासक्रम-समित्या यांचा अधिकार आपल्याकडे नाही. परंतु जो मुलगा मार्चमध्ये फडावरून परतेल त्याला सुतळी, दगड आणि घड्याळ देऊन, ‘तू मोज, आणि तू मोजलेस असे लिही’ एवढे सांगण्यास कोणाच्या परिपत्रकाची आवश्यकता नाही. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी आपण शास्त्रासाठी शब्द घडविले. त्या शब्दांना कर्ता मिळवून देणे, हे काम अद्याप व्हावयाचे आहे.